शेतकऱ्याची मुलगी आणि कृत्रिम बुद्धि

दहावीचा निकाल लागला म्हणजे दरवर्षीं आमच्या सभासदांच्या घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो. मुलानें पुढें काय करावें याची चर्चा चावडीवर होते. मुलीनें काय करावें याचा निकाल बहुधा चुलीपाशीं, आणि तोही फार लवकर लागतो. तालुक्याच्या गांवीं कला शाखा आहे, एस. टी. सकाळीं जाते व दुपारीं परत येते, सबब मुलीनें कला शाखा घ्यावी, असें ठरतें. तिला गणितांत किती गुण मिळाले होते हें, निकालपत्रक एकदां पेटींत गेलें कीं, पुन्हां कोणी पाहात नाहीं. आज आम्ही जें लिहीत आहों तें मुख्यतः या एका गोष्टीविषयीं आहे. जरी मथळा वाचून पुष्कळांस असें वाटेल कीं मासिकानें शेती सोडून भलत्याच विषयांत पाऊल टाकलें.

कृत्रिम बुद्धि हें नांव भारदस्त आहे, आणि त्यामुळें लोकांचा दोन प्रकारें गैरसमज होतो. कोणी म्हणतो, यंत्रांत आतां जीव आला. कोणी म्हणतो, हें शहरच्या लोकांचें खेळणें आहे. आम्हांस दोन्ही मतें मान्य नाहींत. या यंत्राचें शिकणें कसें चालतें, हें ज्यानें कांद्याच्या वाफ्यांत खुरपणी पाहिली आहे त्यास समजण्यास अवघड नाहीं. लहान मुलगी पहिल्यांदां आईबरोबर वाफ्यांत बसते तेव्हां तिला कांद्याचें रोप व लव्हाळा हीं सारखींच दिसतात. आई नियम सांगत बसत नाहीं. ती दाखविते: हा कांदा, हा लव्हाळा, हा कांदा, ही हराळी. चारपांचशें रोपें हाताखालून गेलीं म्हणजे मुलीचा हात चुकत नाहीं, आणि तुला हें कशावरून कळलें असें विचारल्यास तिला नीट सांगतांही येत नाहीं. यंत्रालाही असेंच शिकवितात. रोगट व निरोगी पानांचीं हजारों छायाचित्रें त्याच्यापुढें ठेवावयाचीं, प्रत्येकाखालीं कोणा जाणत्यानें नांव लिहावयाचें, आणि यंत्रानें चित्रांतील खुणा व तें नांव यांचा मेळ घालावयाचा. मेळ चुकला कीं आंतील आंकडे थोडे बदलावयाचे व पुन्हां घालावयाचा. हें लाखों वेळां होतें. यांत जादू नाहीं. गणित आहे, विजेचा मोठा खर्च आहे, आणि नांव लिहिणारा जाणता माणूस आहे.

हा जाणता माणूस कोण, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. २०१६ सालीं मोहंती, ह्यूज व सालाथे या तीन संशोधकांनीं पानांच्या ५४,३०६ छायाचित्रांवर एक यंत्रप्रणाली तयार केल्याचें प्रसिद्ध केलें. पिकें १४ व रोग २६. त्याच संग्रहांतून बाजूस काढून ठेवलेल्या चित्रांवर तिची परीक्षा घेतली, तेव्हां शेंकडा ९९.३५ उत्तरें बरोबर आलीं. एवढें वाचून कोणासही वाटेल कीं आतां पीकरोगतज्ज्ञांनीं घरीं बसावें. परंतु त्या संग्रहांतील पानें खुडून, साध्या एकरंगी पाठीवर ठेवून टिपलेलीं होतीं. निराळ्या परिस्थितींत घेतलेलीं दुसरीकडचीं चित्रें त्याच यंत्रापुढें ठेवतांच बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ३१ च्या आसपास उतरलें. संशोधकांनीं हें आपल्या निबंधांत प्रांजळपणें नमूद केलें आहे, हें त्यांस भूषणावह होय. यंत्रें विकणारे मात्र पहिला आंकडा सांगतात व दुसरा गिळतात.

आपल्या शेतांतलें पान एकरंगी पाठीवर येत नाहीं. त्यावर धूळ असते, दंव असतें, शेजारच्या पानाची सावली असते. एकाच पानावर मावा असतो आणि करपाही असतो. कधीं पिंवळेपणा रोगाचा नसतो. पाणी सांचल्याचा असतो, किंवा शेजारच्या शेतांतून तणनाशकाचा फवारा उडून आल्याचा असतो. हे भेद कोणास ठाऊक असतात? खुरपणी, लावणी, वेंचणी हीं कामें आपल्याकडे बहुतांशीं बायकांच्या हातचीं आहेत. बोंड किडकें आहे हें वेंचणाऱ्या बाईच्या बोटांस आधीं कळतें. मालकास तें व्यापाऱ्याच्या कांट्यापाशीं कळतें. असें असतां ज्यांच्याकडे ही जाण आहे त्यांचें नांव कोणत्याही कागदावर क्वचितच सांपडतें. २०१५-१६ च्या कृषिगणनेंत स्त्रियांच्या वहिवाटीचीं खातीं सबंध देशांत शेंकडा चौदाच्या सुमारास भरलीं. ज्याच्या नांवें सात-बारा, त्याच्या मोबाईलवर पावसाचा व फवारणीचा सल्ला येतो. तो मोबाईल खिशांत घालून धनी बाजारास गेलेला असतो आणि फवारणीपूर्वीं तण काढणारी बाई बांधावर बसून त्याची वाट पाहते. यंत्राचें ज्ञान कागदांतून व नोंदींतून येतें. नोंदींत बाई नसेल तर यंत्राच्या हिशेबींही ती नसते.

हें आम्ही केवळ तर्कानें म्हणतों असें नाहीं. अमेरिकेंत जॉय बुओलाम्विनी व टिम्निट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनीं २०१८ सालीं, चेहऱ्यावरून स्त्री कीं पुरुष हें सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रप्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतींत चुकीचें प्रमाण जास्तींत जास्त शेंकडा ०.८, सांवळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतींत तें शेंकडा ३४.७ पर्यंत चढलें. बुओलाम्विनीबाईंस हा शोध कसा लागला हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या स्वतः कृष्णवर्णीय. विद्यार्थिनी असतांना संगणकापुढें बसल्या तर यंत्रास त्यांचा चेहराच दिसेना, आणि पांढरा मुखवटा चढविला तेव्हां तो दिसूं लागला. ज्या शेंकडों शहाण्या माणसांनीं तीं यंत्रें बनविलीं होतीं त्यांच्या हा दोष नजरेस आला नाहीं, कारण तो त्यांना कधीं बोंचला नव्हता. त्याच वर्षीं जागतिक आर्थिक मंचाच्या अहवालांत या क्षेत्रांतील स्त्रियांचें प्रमाण जगांत शेंकडा २२ असल्याचें दिलें आहे.

आतां आपल्या प्रांतांत काय चाललें आहे तें पाहूं. कापसाच्या शेतांत गुलाबी बोंडअळीचे पतंग धरण्यासाठीं कामगंध सापळे लावतात, हें वाचकांस सांगावयास नको. सापळ्यांत रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस आढळले म्हणजे फवारणीची वेळ झाली, असा ठोकताळा आहे. पण पतंग मोजण्याचा कंटाळा कोणास येत नाहीं? वाधवानी यांच्या नांवें मुंबईंत असलेल्या कृत्रिम बुद्धीच्या संस्थेनें यासाठीं एक साधन तयार केलें: सापळ्यांतील पतंगांचें छायाचित्र मोबाईलनें घ्यावें, यंत्र ते मोजतें व फवारणी करावी कीं थांबावें हें सांगतें. बारामतीस ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्यानें ऊंसावर प्रयोग चालविले आहेत. जमिनींतील ओल मोजणारीं उपकरणें व उपग्रहांचीं चित्रें यांची सांगड घालून पाणी व खत किती द्यावें हें त्यांत ठरवितात. २०२५ च्या जूनमध्यें राज्य मंत्रिमंडळानें शेतींतील कृत्रिम बुद्धीविषयींचें २०२५ ते २०२९ या काळाचें धोरण मंजूर केलें व त्यासाठीं पहिल्या तीन वर्षांकरितां ५०० कोटि रुपयांची तरतूद ठरविली. हा पैसा कोठें तरी खर्च होणार, आणि तीं कामें कोणी तरी करणार. ज्यास पराटी व तूर लांबून ओळखतां येत नाहीं असा तरुण तें करील, कीं आमच्या घरांतील मुलें करतील, एवढाच प्रश्न आहे.

या कामाला पायऱ्या आहेत, आणि आईबापांनीं त्या समजून घेणें अवश्य आहे. सर्वांत खालची पायरी म्हणजे चित्रांना नांवें लावणें किंवा आपल्या बोलीचा आवाज नोंदवून देणें. तें हलकें काम आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. मायक्रोसॉफ्टचे संशोधक व त्यांचे सहकारी यांनीं मराठीच्या बाबतींत असा प्रयोग केला व त्याचा वृत्तांत २०२० सालीं प्रसिद्ध झाला. खेड्यांतील गरीब माणसें, शहरांतील गरीब माणसें व विद्यापीठांतील विद्यार्थी अशा तीन वर्गांतील मिळून ३६ जणांकडून १०९ तासांचें मराठी भाषण नोंदविण्यांत आलें. गरिबांच्या कामाची प्रत विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीची भरली. खेड्यांतील माणसास हें जमणार नाहीं असें म्हणणाऱ्यांस तें उत्तर पुरेसें आहे.

परंतु घरबसल्या चार पैसे मिळतात म्हणून मुलीला त्या पायरीवरच बसवूं नये. फेइ-फेइ ली या विदुषींनीं २००९ सालीं 'इमेजनेट' नांवाचा चित्रसंग्रह पुढें आणला, व पुढें तो एक कोटि चाळीस लाखांवर चित्रांचा झाला. त्याच्या आधारानें यंत्रांची दृष्टि एकदम सुधारली. त्या चित्रांस नांवें लावलीं तीं जगभरच्या हजारों माणसांनीं, नगावर मजुरी घेऊन. त्यांतील एकाचेंही नांव आज कोणास माहीत नाहीं. कापूस पिकविणाऱ्याची व कापडावर छाप मारणाऱ्याची जी गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहात आलों, तीच ही; म्हणून आमचे वाचक ती लवकर ओळखतील. दुसरी पायरी शेतांत जाऊन यंत्राची परीक्षा घेण्याची, तिसरी यंत्रास शिकविणारी आज्ञावली लिहिण्याची, आणि त्यावरची, यंत्रानें कोणता प्रश्न सोडवावा हें ठरविण्याची. वरच्या दोन पायऱ्यांस गणित लागतें: आंकडेशास्त्र, संभाव्यता, बीजगणित. दहावीनंतर गणित सोडलें कीं तिकडची वाट पुष्कळ लांबते.

याच ली बाईंची दुसरी कामगिरी आमच्या विषयास अधिक लागू आहे. त्या चीनमध्यें जन्मल्या, पंधराव्या वर्षीं आईबरोबर अमेरिकेस आल्या, आणि विद्यार्थिदशेंत घरच्या कपडे धुण्याच्या दुकानांत त्यांनीं काम केलें. स्टॅनफर्ड विद्यापीठांत प्राध्यापक झाल्यावर त्यांस आपल्या वर्गांत मुली फार थोड्या दिसत. म्हणून २०१५ सालीं त्यांनीं, आपली विद्यार्थिनी ओल्गा रुसाकोव्हस्की हिच्या सहकार्यानें, नववी संपवून दहावींत जाणाऱ्या मुलींसाठीं उन्हाळी वर्ग काढला. दोन गोष्टी तेथें विचारपूर्वक केल्या होत्या. एक, वय: महाविद्यालयांत मुली कां येत नाहींत हें तेथें बसून विचारण्यापेक्षां त्या शाळेंत असतांनाच गांठाव्या. दुसरी, उपयोगापासून आरंभ: रुग्णालयांत हात धुण्याची शिस्त यंत्रानें कशी पाहतां येईल, संकटकाळीं लोकांच्या संदेशांतून मदतीची हांक कशी निवडतां येईल, असे प्रश्न मुलींपुढें ठेवले व त्यांच्या अनुषंगानें गणित शिकविलें. २०१७ पासून याच कार्याची स्वतंत्र संस्था झाली. आमच्याकडे आरंभ कोठून करावा याचा शोध घेण्यास दूर जावयास नको. बोंडअळी, लाल्या, दुधाचें फॅट, विहिरीची पातळी, हे प्रश्न मुलींना घरींच भेटलेले असतात.

आमचे कांहीं वडीलधारे सभासद म्हणतील कीं हीं विलायतेचीं उदाहरणें. त्यांच्यासाठीं एक आपलें देतों. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा उत्तम रीतीनें उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनीं बंगळूरच्या विज्ञान संस्थेंत प्रवेश मागितला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं, केवळ स्त्री म्हणून, तो नाकारला. कमलाबाई परत आल्या नाहींत. त्यांनीं हट्ट धरला, तेव्हां पहिलें वर्ष परीक्षेवर घेऊं व पुरुष संशोधकांच्या कामांत व्यत्यय येतां कामा नये, अशा अटींवर त्यांस घेण्यांत आलें. त्यांचें काम पाहिल्यावर रामन यांचें मत बदललें व संस्थेचीं दारें स्त्रियांस उघडलीं. १९३९ मध्यें केंब्रिजची पीएच्. डी. मिळविणाऱ्या याच कमला सोहोनी. ताडाच्या नीरेंतील पोषक द्रव्यांवर त्यांनीं पुढें जें संशोधन केलें त्याचा उपयोग गरिबांच्या पोरांच्या आहारासाठीं होता. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या पुरुषाचाही या बाबतींतील अंदाज चुकला, तर गांवच्या पंचांनीं आपल्या अंदाजाविषयीं फार खात्री बाळगूं नये.

आतां पैशाचा व सोयीचा प्रश्न. येथें परिस्थिति पूर्वींपेक्षां पुष्कळ बरी आहे, पण माहिती नसल्यानें तिचा लाभ घेतला जात नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या कुटुंबांचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे त्यांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी व परीक्षा फी संपूर्ण माफ केली आहे. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीय प्रवेश पद्धतीनें झालेला असावा लागतो. मागील दारानें घेतलेल्या जागेस ही सवलत नाहीं. खाणावळीचा व वसतिगृहाचा खर्च राहतोच, आणि खरी अडचण बहुधा तीच असते. संगणक अभियांत्रिकी मराठींतून शिकविण्याचा वर्ग पिंपरी-चिंचवड येथें २०२१ पासून सुरू झाला. तेव्हां इंग्रजीचा बाऊ करून गणितांत हुशार मुलीस थांबविण्याचें कारण राहिलें नाहीं.

ज्यांना घर सोडतां येत नाहीं त्यांच्यासाठीं मद्रासच्या आय. आय. टी. नें २०२० सालीं आंकडेविज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम काढला आहे. त्यास प्रवेश-परीक्षेची ती प्रसिद्ध चढाओढ नाहीं. बारावी कोणत्याही शाखेंतून झालेली चालते. दहावीस गणित व इंग्रजी असलीं पाहिजेत. चार आठवड्यांचा पात्रता-अभ्यास घरीं करून परीक्षा दिली व तींत उत्तीर्ण झाली कीं मुलगी आंत आली. धडे मोबाईलवर वा संगणकावर पाहावयाचे, परीक्षा मात्र नेमलेल्या केंद्रावर जाऊन द्यावयाच्या. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांस फींत सवलत आहे. कला शाखेंत टाकलेल्या, पण गणित न विसरलेल्या मुलीस हा एक मार्ग उघडा आहे, आणि तो पुष्कळ गांवांत अद्याप कोणास ठाऊक नाहीं. अभ्यास सोपा आहे असा समज करून देणें योग्य नव्हे. तो कठीण आहे, व रोज दोनतीन तास निवांत मिळाल्यावांचून होत नाहीं. निवांत वेळ देणें हें घरच्यांचें काम. मुलगा अभ्यासास बसला म्हणजे त्यास कोणी पाणी आणावयास उठवीत नाहीं.

मुलांविषयींही दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. आमच्या सभासदांचे किती तरी मुलगे पुण्यास खोली घेऊन स्पर्धा-परीक्षेच्या तयारींत पांच-पांच, सात-सात वर्षें घालवीत आहेत. जागा थोड्या, उमेदवार लाखों. बुद्धीचें खत उकिरड्यावर पडून राहावें तसें चाललें आहे. त्यांपैकीं ज्यांस गणिताची गोडी आहे त्यांनीं या वाटेकडे पाहावें. मात्र येथेंही सरसकट नोकरीची हमी नाहीं. साधी आज्ञावली लिहिण्याचें काम यंत्रें स्वतःच करूं लागलीं आहेत, त्यामुळें केवळ तेवढेंच येणाऱ्यास पुढील काळ कठीण आहे. ज्यास यंत्रही समजतें व शेत, दूधसंघ किंवा गिरणीही समजते, त्याची गरज राहील असें आम्हांस वाटतें. आणि तीन महिन्यांत कृत्रिम बुद्धीचा तज्ज्ञ करून देतों अशा जाहिराती लावणाऱ्यांपासून सर्वांनीं दूर राहावें. त्यांच्या फीसाठीं म्हैस विकल्याचें ऐकूं येतें. केंद्र सरकारच्या 'स्वयं' या योजनेंत आय. आय. टी. च्या अध्यापकांचे हेच विषय फुकट ऐकावयास मिळतात. पैसे पडतात ते फक्त प्रमाणपत्राची परीक्षा देणाऱ्यास.

शेवटीं, गांवीं काय करतां येईल तें सांगतों. येत्या खरीपांत शाळेच्या शिक्षकांनीं आठवी-नववीच्या मुलामुलींची एक टोळी करावी, तींत निम्म्याहून अधिक मुली असाव्या. आठवड्यांतून एक दिवस एका मोबाईलसह ही टोळी शेतांत न्यावी. पान न खुडतां त्याचें छायाचित्र घ्यावें, पाठीचेंही घ्यावें, कारण पांढरी माशी व किडींचीं अंडीं पानाच्या पाठीसच सांपडतात. प्रत्येक छायाचित्रास क्रमांक देऊन वहींत तारीख, पीक, वाण, पेरणीचा दिवस, आदल्या आठवड्याचा पाऊस व शेवटची फवारणी हीं लिहावीं. मग गांवांतील दोन जाणत्या बायांस बोलावून, हें काय आहे असें त्यांस विचारावें व त्या ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत लिहून घ्यावें. दोघींचीं उत्तरें निराळीं आलीं तर दोन्ही लिहावीं. मतभेदाचीं चित्रेंच पुढें अधिक उपयोगीं पडतात. हंगामाच्या शेवटीं ही वही नजीकच्या कृषि विज्ञान केंद्रांत नेऊन तज्ज्ञांकडून नांवें पडताळून घ्यावीं. त्यांतील निम्मीं चित्रें शिकविण्यास ठेवून निम्मीं परीक्षेस कां राखावयाचीं, हें गणिताच्या शिक्षकांनीं मुलांस त्याच वेळीं समजावून द्यावें. मोबाईल त्या दिवशीं मुलींच्या हातीं असावा. मुलांनीं वही धरावी. ज्या गांवांस असा संग्रह सुरू करावयाचा असेल त्यांनीं मृगापूर्वीं संस्थेच्या कार्यालयास कळवावें, म्हणजे वहीचा नमुना पाठविण्याची व्यवस्था करतां येईल.